पोपट उडाले, चीक राहिला

“माझ्या गोंदानं एकदा चिकटलं, की वाघानं वढलं तरी सुटनार नाई!”

हे वाक्य गुणवंतराव बोलले ते लेकीच्या बारशाला, बायामाणसांनी भरलेल्या ओसरीत, छाती पुढं काढून. नवरे लोक पुष्कळ गोष्टी छाती काढून बोलतात आणि त्यातल्या बहुतेक खोट्या निघतात. ही मात्र खरी निघाली. तिथंच तर सगळा घोटाळा झाला!

गुणवंतराव अहेरीला जंगल खात्यात बाबू होते. दिवसभर सागाच्या ओंडक्यांवर नंबर टाकून टाकून त्यांचा पक्का समज झाला होता, की जगातल्या प्रत्येक अडचणीवर कुठलं ना कुठलं झाड औषध आहे. दात दुखला की बाभूळ, पोट दुखलं की हिरडा, बायको रुसली की... त्यावर झाड अजून सापडलं नव्हतं, शोध चालू होता. लेकीचं नाव ‘मैना’ ठेवायचं ठरलं, तेव्हा मैनेच्या पाळण्यावर हिरव्या पतंगी कागदाचे पोपट हवेतच, असं त्यांनीच काढलं. भागीरथा, म्हणजे त्यांची बायको, भोळेपणानं गव्हाच्या पिठाची खळ शिजवायला बसली. गुणवंतराव हसले.

“खळ? अवो, झुरळं खाऊन टाकतीन तुमची खळ! सरका, मी बनवतो.”

बनवलं ते असं. वडाचा चीक, पिंपळाचा चीक, वरून चिमूटभर राळ, आणि हे सगळं मंद आचेवर आटवून आटवून तारेवर आणलेलं. डेपोचा चौकीदार लटारू ते पाहून म्हणाला, “बाबू, याच्यानं तं आमी जंगलात पाखरं धरतो! फांदीले लावलं का पाखरू बसलं तसंच राह्यते.”

“मंग? मीबी पोपटच धरून राह्यलो ना!”

तर असे ते पोपट धरले. पाळणा इतका देखणा दिसला, की पाळण्याची दोरी ओढायला बायांमध्ये भांडण लागलं. आणि खरंच, पावसाळा गेला, हिवाळा गेला, एक पोपट हलला नाही!

मग मैनेला दात आले.

दात आल्यावर माणसाचं पोर काय काय खातं याची यादी कोणी करू नये. मैनेनं पोपट खाल्ले. आधी चोची, मग शेपट्या, मग धड. रोज सकाळी भागीरथा लेकीच्या तोंडातून हिरवा कागद काढायची आणि मैना दोन दात दाखवून हसायची. शेवटी डोक्याकडच्या फळीवर, पार वर, तिचा हात पोचत नव्हता तिथला एकच पोपट उरला. बाकीचे गेले, पण ते जिथं बसले होते तिथं पोपटाच्याच आकाराचे चिकाचे डाग राहिले. तो चीक ना वाळे, ना निघे! त्याला कापूस चिकटला, धूळ चिकटली, कोंबडीचं पीस चिकटलं, सासूबाईंच्या लुगड्याचा दशी-दोरा चिकटला. एकदा एक माशी येऊन बसली ती कायमचीच. आधी हिरवेगार होते ते पोपट आता काळे, केसाळ झाले होते. पाळण्यावर पोपट नव्हे, अस्वलाची पिल्लं बसल्यासारखी दिसत!

पाळणा स्वतःच्या घरचा असता तर भागीरथेनं डोळ्यांआड केलं असतं. पण तो स्वतःचा नव्हता.

पाळणा होता कमरुद्दीन मिस्त्रींचा. त्यांनी लेकाचं, लियाकतचं, लग्न झालं त्याच वर्षी एका अख्ख्या सागाच्या ओंडक्यातून तो काढला होता. नातवासाठी. चपड्याच्या लाखेचं पालिश हातानं घासून घासून असं चढवलं होतं, की त्यात तोंड पाहून भांग काढावा! पण नातू काही हाती लागेना. सून नजमाची दोनदा कूस उजवली नि दोनदा रिकामी झाली. रिकामा पाळणा टांगून ठेवू नये म्हणतात. तेव्हा मिस्त्रींनीच एक दिवस पाळणा बाहेर काढला आणि म्हणाले, “गावातली लेकरं झोपू द्या याच्यात. पाळणा हालत राह्यला पाह्यजे. आमचं येईन तवा येईन.” तेव्हापासून तो पाळणा या घरून त्या घरी फिरत होता. ज्याच्या घरी लेकरू, त्याच्या घरी पाळणा. देताना त्यात ओंजळभर धान आणि गुळाचा खडा ठेवायचा, रिकामा द्यायचा नाही, एवढाच नेम.

फिरत फिरत तो मैनेपाशी आला होता. आणि आता नजमाला मुलगा झाला होता! चांगला टणटणीत, शेजारच्या आळीत ऐकू जाईल असा रडणारा!

नजमा पोटुशी असताना दुपारची भागीरथेकडं येऊन बसायची. बोलायची थोडं. पाळण्याला हात लावायची नाही, भ्यायची. फक्त टक लावून बघत राहायची. भागीरथेला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला वाटायचं, बिचारी डाग बघते. सासऱ्यानं एवढ्या हौसेनं केलेल्या पाळण्याची या बाईनं काय दशा केली, असं तिच्या मनात येत असणार, पण बोलत नाही, गरीब आहे म्हणून!

छटीच्या दिवशी सकाळीच मिस्त्रींची बायको शमसुन्निसा दारात उभी राहिली. तोंडात पान, डोळ्यांत पाणी, एकाच वेळी हसत आणि रडत.

“बहू, आज छटी हाय लेकराची. दिवे लागायच्या आत पाळणा आला पाह्यजे. पह्यल्यांदा त्याच्यातच टाकू म्हणतो आमी. आन् तूच घेऊन ये बरं, नजमानं खास सांगितलं हाय. भागीरथाभाबीच्या हातानं, म्हणते.”

“आनते ना चाची! कसा लखलखीत करून आनते पाहा!”

बोलून तर बसली. शमसुन्निसा फाटकाबाहेर पडते न पडते तोच भागीरथेनं पदर खोचला, पाळणा लाकडी घोडीवरून उतरवून अंगणात मांडला आणि सर्वांत आधी तो उरलेला पोपट ओढून काढला. आता सगळं साफ करायचं तर एक कशाला ठेवायचा! नेमकी तेव्हाच मैना रडली. भागीरथेनं पोपट कुठंतरी भिरकावला आणि आत धावली. कुठं भिरकावला, ते तिला नंतर आठवलंसुद्धा नाही. आणि आठवायला सवड कुणाला होती!

“अर्ध्या घंट्याचं काम हाय,” ओसरीत दाढी करता करता गुणवंतराव म्हणाले. “गोंद म्हणजे शेवटी झाडाचाच. झाड पान्यात भिजते. गरम पानी टाका, गोंद गेला समजा!”

भागीरथेनं गरम पाणी टाकलं. चांगलं कढत, पातेलंभर. वर ओलं फडकं ठेवलं, थोडं थांबली आणि आशेनं फडकं उचललं.

चीक होता तिथंच होता. उलट न्हाऊन-माखून ताजातवाना झाला होता! आणि त्याच्या भोवतीचं ते आरशासारखं पालिश पांढरं पडलं होतं. कोणी पाळण्यावर ताक सांडून सुकू दिलं असावं, असे ढगच्या ढग!

“अवो! हे काय झालं?”

गुणवंतराव अर्धी दाढी घेऊन आले. पाहिलं. “हं,” म्हणाले. “आता हे वाळन, मंग जाईन.”

ते वाळलं. गेलं नाही.

तेवढ्यात सासूबाई आल्या. मनकर्णाबाई म्हणजे अशी बाई, की पितळेचं काळं पडलेलं घंगाळ त्यांच्या हाती दिलं तर ते सोन्याचं होऊन परत यावं. “तुमी नवे लोक!” असं म्हणून त्यांनी राख आणि चिंचेचा कोळ घेतला आणि नारळाच्या शेंडीनं असा एक हात मारला, की भागीरथेच्या काळजात चर्र झालं. फळीवर ओरखडे! जणू मांजरीनं नखं घासली!

“आई, नका ना घासू! हे घंगाळ नाई, मिस्त्रीचाचाचं पालिश आहे!”

“मंग घासलेट लाव.”

“अन् त्या सहा दिवसाच्या लेकराले घासलेटाच्या वासात निजवू?”

मनकर्णाबाईंना हे पटलं. न पटून सांगतात कुणाला! त्यांनी राखेचा हात झटकला आणि “माह्या मैनेचं तेल राह्यलं,” असं पुटपुटत नातीला घेऊन त्या बाजेवर जाऊन बसल्या.

आता गुणवंतरावांना खरी स्फूर्ती आली. त्यांची स्फूर्ती भागीरथा दुरून ओळखायची. त्यांची डावी भुवई आधी उडायची.

“इस्पिरीट!” ते म्हणाले. “हापिसात टेबलावर शाई सांडली, गोंद सांडला, सायबाचा चपराशी इस्पिरीटच लावते. इस्पिरीट म्हणजे काय? दारूचाच भाऊ. अन् दारू काय, आपल्या जंगलात नद्या वाहून राह्यल्या!”

“तुमी? तुमी दारू आनाल?”

प्रश्न बरोबर होता. गुणवंतराव भजनी मंडळाचे टाळकरी. मंडळाचे बुवा सोमाजी दर एकादशीला दारूच्या विरुद्ध बोलत आणि गुणवंतराव त्यांच्या प्रत्येक वाक्यावर टाळ वाजवत. साऱ्या अहेरीत या माणसाला पाण्याचा घोटसुद्धा डोळे मिटून घेताना कोणी पाहिलं नव्हतं!

“औषध म्हणून आनतो. पाळण्याचं औषध!” त्यांनी बाजेवरचा काळा कोट अंगात घातला, उन्हाचं निमित्त करून छत्री घेतली आणि लटारूच्या घराकडं निघाले.

परत आले ते घामानं थबथबलेले, छत्री पोटाशी धरलेली. छत्रीत बाटली. आत येऊन त्यांनी आधी दार लावलं, मग कोट काढून खुंटीला लावला, मग भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

“गावाले समजलं वाटते,” ते हळूच म्हणाले. “मी पुढं गेलो का मांगं लोक हासून राह्यले होते! बाजारात तं एका बाईनं बोट दाखवलं. पोट्टे फाट्यापर्यंत मांगं आले. छत्रीतली बाटली लोकायले दिसली कशी, तेच मले समजत नाई!”

“अवो, दारू झाकून आनली का वासानं समजते.”

“बूच पक्कं हाय! पह्यल्या धारेची हाय, लटारू म्हणे काडी लावली तं पेटते!”

पहिल्या धारेची मोहाची दारू त्यांनी फडक्यावर ओतली आणि फळीवर रगडायला लागले. काय सांगावं! चिकाला तिचा ढिम्म परिणाम होईना. पालिशला मात्र असा झाला, की दहा वर्षांची लाख पाघळून गुळाच्या पाकासारखी वाहायला लागली! फडकं तपकिरी झालं. बोटं तपकिरी झाली. गुणवंतरावांनी घाबरून फळीवर हात टेकवला आणि दुसऱ्या हातानं बाटली खाली ठेवायला वळले. वळले, पण हात आला नाही.

“अवो, मैनेची आई! हात धरला यानं!”

“कोनं?”

“पाळण्यानं!”

दारूचा वाफारा डोळ्यांत गेलेला, डोळे पळसफुलासारखे लाल. गुडघे जमिनीला, एक पंजा पाळण्याला. बाजेवर मैना तेल लावून घेताना भोकाड पसरत होती, म्हणून हा प्रेमळ बाप तशाही अवस्थेत तिला गप्प करायला मोठ्यानं गायला लागला, “नीज गं मैने, नीज गं बाई...” आणि शेजारी उघडी बाटली!

नेमक्या ह्याच क्षणी विरजण मागायला आशाबाई आल्या. आशाबाई म्हणजे सोमाजीबुवांच्या सौभाग्यवती.

त्यांनी पाहिलं. वास घेतला. बाटली पाहिली. हातातली वाटी त्यांनी पोटाशी धरली.

“या ना, आशाबाई,” भागीरथा म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

“येतो मी मंग,” आशाबाई म्हणाल्या आणि विरजण न घेताच गेल्या. इतक्या वेगानं, की आमच्या भागातल्या मोटारीनंही त्यांच्याकडून काही शिकावं!

गुणवंतरावांचा पंजा शेवटी सुटला. तो सुटला तेव्हा फळीवर पाच बोटांसकट ठसा राहिला, ओंडक्यावर खात्याचा शिक्का बसावा तसा.

मनकर्णाबाई बाजेवरून म्हणाल्या, “मुसलमानाच्या घरी जाऊन राह्यला पाळणा, तेही लेकराच्या छटीले, अन् तुमी त्याले दारू पाजली! काय म्हणावं बाप्पा!”

हे मात्र भागीरथेच्या लक्षातच आलं नव्हतं! तिनं पाळण्याकडं पाहिलं. एकीकडं ताकाचे ढग, एकीकडं मांजरीची नखं, मधे नवऱ्याचा पंजा, सगळीकडून मोहाचा घमघमाट, आणि चिकाची केसाळ अस्वलं जशीच्या तशी! सकाळी हा पाळणा फक्त मळका होता. तिनं कष्ट करून करून त्याचं वाटोळं केलं होतं.

त्यात लटारू धावत आला, दम लागलेला. “बाबू! पाळणा मोडला म्हणते?”

“कोन म्हणते?”

“विहिरीवर म्हणते बाबू प्याले. बाजारात म्हणते बाबू पाळण्यात जाऊन झोपले. मिस्त्रीच्या वाडीत गेलो तं म्हणते बाबूच्या वजनानं पाळणा मोडला! नजमाबाई रडून राह्यली. लेकरू मांडीवर घेऊन बसली हाय, खाली ठेवत नाई. म्हणते, पाळणाच मोडला, आता काय व्हते काय नाई...”

भागीरथा मटकन खाली बसली. गुणवंतराव प्याले या आवईचं तिला काही वाटलं नाही, ती बातमी जाईल चार दिवसांत. पण नजमा! दोनदा रिकामी ओटी घेऊन उठलेली ती पोर, तिला आता जरा कुठं हसू आलं होतं. अशा बाईला मोडलेल्या पाळण्याचा अपशकुन पाठवला आपण! आईला काय काय वाटतं, ते दुसऱ्या आईला सांगावं लागत नाही. भागीरथेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते पदरानं पुसलं, तर पदर गालाला चिकटला. तिथंही चीक!

आणि तेव्हा बाजेवर मनकर्णाबाई ओरडल्या, “अवो सूनबाई, धर! निसटली!”

मैना निसटली होती. मनकर्णाबाई नातीला तेल लावत ते मोहाच्या बियांचं, इकडं ज्याला टोळीचं तेल म्हणतात ते, आणि लावत ते असं, की पोरगी बोडीच्या पाण्यातल्या मासोळीसारखी हाती राहू नये. ती बाजेवरून सरकली, अंगणातून रांगत थेट आपल्या पाळण्यापाशी गेली, त्याची कड दोन्ही हातांनी धरली, आणि उभी राहिली!

पहिल्यांदा उभी राहिली! स्वतःच्या पायांवर, ढुंगण हलवत, डुलत डुलत! भागीरथा रडणं विसरली, गुणवंतराव पंजा विसरले, लटारूनं टाळ्या वाजवल्या. मैनेला आपल्या पराक्रमाचा एवढा आनंद झाला, की ती तेलकट हातांनी पाळण्याच्या फळीवर थापट्या मारायला लागली. थाप, थाप, थाप! मग तिला आपलं जुनं भक्ष्य आठवलं. जिथं पोपट होता तिथं ती बोटं घासू लागली. घासलं, चिमटीत धरलं आणि तोंडात घातलं.

“अगं, थू! थू कर!” भागीरथेनं झडप घातली आणि लेकीच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढलं. बघते तर काय, चिकाची काळी शेवई! गोल वळलेली, सुटी, कोरडी! आणि फळीवर, जिथं मैनेचे हात फिरले होते तिथं, लालसर पिवळा साग हसत होता.

भागीरथेनं त्या जागेवरून बोट फिरवलं. चिकटलं नाही.

“आई,” भागीरथा हळूच म्हणाली, “तेलाची वाटी द्या इकडं.”

मग काय! तिनं टोळीचं तेल बोटानं प्रत्येक डागावर थापलं आणि या वेळी घाई केली नाही. मैनेला अंगावर पाजून होईपर्यंत तसंच मुरू दिलं. नंतर जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं गोल गोल हलकेच चोळलं. चीक रुसलेला पाहुणा उठावा तसा कुरकुरत उठला आणि गोळ्या होऊन पडला. माशीसुद्धा सुटली! पांढरे ढग तेलानं विरळ झाले, मांजरीची नखं बुजली. ज्या मोहाच्या फुलानं घात केला, त्याच मोहाच्या बीनं अब्रू राखली!

“मी काय म्हणत होतो?” गुणवंतराव म्हणाले. “झाडाचंच औषध!”

भागीरथेनं त्यांच्याकडं फक्त पाहिलं. त्यांनी मुकाट्यानं कोरडं फडकं घेतलं आणि तेल पुसायला लागले.

राहिला तो पंजा. तिथं पालिशच नव्हतं, तेल काय करणार! आणि राहिला वास. मनकर्णाबाईंनी राळेचा धूप घालून पाळण्याला बाळंतिणीसारखी धुरी दिली. धूप, तेल आणि मोह मिळून असा काही वास तयार झाला, की तो देवळाचा की भट्टीचा हे ठरवता येऊ नये!

“पंजावर फडकं टाकू,” वाटेत गुणवंतराव म्हणाले. त्यांनी पुन्हा कोट चढवला होता, पाळण्याकडं तोंड करून ते उलट्या पावली चालत होते, डोक्याकडचं टोक त्यांच्या हातात, पायाकडचं लटारूच्या. पाळण्यात धान आणि गुळाचा खडा. मागं कडेवर मैनेला घेतलेली भागीरथा आणि तेलाची बाटली घेतलेल्या मनकर्णाबाई. ती बाटली कशाला, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, “असू दे.” दारादारात लोक उभे. आशाबाई तर उंबरठ्याबाहेर येऊन बघत होत्या, बाबूंचे पाय सरळ पडतात का!

“फडकं नाई टाकायचं,” भागीरथा म्हणाली.

मिस्त्रींच्या घरी ओसरीत बाया जमल्या होत्या. नजमा भिंतीला टेकून, लेकरू मांडीवर, डोळे सुजलेले. पाळणा सगळाच्या सगळा, न मोडता आत आलेला पाहून तिनं असा श्वास सोडला, की मांडीवरचं लेकरू दचकलं. मिस्त्री पुढं आले. त्यांनी फळीवरून बोट फिरवलं, पंज्यापाशी थांबले, नाक जवळ नेलं.

“बाबू,” ते म्हणाले, “पाळण्याले दारूचा वास काऊन येऊन राह्यला?”

गुणवंतरावांनी छपराकडं पाहिलं. लटारूनं दाराकडं. तेव्हा भागीरथाच पुढं झाली. मैना कडेवर, आणि तिनं सगळं सांगितलं. गोंद, पाणी, राख, दारू, सगळं. “यायनं थेंबबी प्याला नाई चाचा. पाळण्यालेच पाजली. तुमच्या घरात हे आनाले नव्हतं पाह्यजे, मले माहीत हाय. पण झाकून आनलं असतं तं मले झोप नसती लागली.”

शमसुन्निसाच्या तोंडातलं पान थांबलं.

आणि कमरुद्दीन मिस्त्री हसायला लागले. आधी खांदे, मग दाढी, मग पोट! “अगं बेटी, पालिश कायच्यात कालवतात? लाख इस्पिरिटातच विरघळवतो आमी! इस्पिरीट उडून जाते, लाख राह्यते. हा पाळणा तं पैदा झाला तवापासूनच झिंगलेला हाय! उद्या दोन हात मारतो पालिशचे. अन् हा पंजा...” त्यांनी गुणवंतरावांकडं पाहिलं. “एवढा मोठा आशीर्वाद कोन देते लेकराले!”

सगळ्या बाया हसल्या. फक्त नजमा हसली नाही. ती पाळण्याच्या डोक्याकडच्या फळीकडं पाहत होती, वर, अगदी वर.

“भाबी,” ती म्हणाली, “तो पोपट कुठी गेला?”

“कोनता पोपट?”

“तो वरचा. एकटाच राह्यला होता ना तो? मी रोज त्यालेच पाह्यला येत होती.” तिचा आवाज बारीक झाला. “मैनानं सारे खाल्ले, पण तो टिकून राह्यला. मी मनाशी म्हणो, हा राह्यला तं माहाबी राह्यन.”

भागीरथेनं त्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. म्हणजे ही डाग नव्हती पाहत! हिला पाळणा लखलखीत नकोच होता! आणि आपण आज सकाळी उठून सगळ्यांत आधी काय केलं, तर नेमका तोच...

“मी... मी काढला,” ती म्हणाली. “कुठी टाकला तेही...”

“अगं बाई!” मागून शमसुन्निसा एकदम ओरडली. “बाबू! जरा फिरा इकडं! तुमच्या पाठीवर काय हाय?”

गुणवंतराव फिरले. काळ्या कोटावर, दोन खांद्यांच्या बरोब्बर मधे, पंख पसरून, चोच वर करून हिरवागार पोपट बसला होता! सकाळी बाजेवरच्या कोटावर पडला तो तिथंच बसला, आणि साऱ्या अहेरीला आपली वरात दाखवून आला!

“म्हणजे बाजारात लोक...” गुणवंतराव म्हणाले आणि खाली बसले.

हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री आणि लियाकत यांनी पाळणा ओसरीतल्या कड्यांना टांगला. नजमा उठली. तिनं कोटावरचा पोपट दोन बोटांनी हलकेच सोलून घेतला, पाळण्याच्या फळीवर, पार वर, जुन्याच जागी ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. तो लगेच बसला. मग तिनं, आजवर पाळण्याला कधी हात न लावलेल्या त्या बाईनं, लेकरू धान्याच्या शेजारी त्यात निजवलं आणि दोरी ओढली. लेकरानं वर पाहिलं. मैनेनंही भागीरथेच्या कडेवरून पाहिलं आणि ओळख पटून जिभल्या चाटल्या.

“पाह्यलं?” गुणवंतराव खालूनच म्हणाले. सूर अगदी बारीक, पण छाती हळूहळू पुढं येत होती. “काढला, फेकला, बाजार फिरून आला, तरी चिकटला! अजून बोळकंभर शिल्लक हाय घरी. लियाकतभाऊ, आनखी पोपट लावाचे असतीन तं...”

मनकर्णाबाईंनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. त्यांनी टोळीच्या तेलाची बाटली शमसुन्निसाच्या हातात दिली.

“ठेवून दे बाई फळीवर,” त्या म्हणाल्या. “लेकराले दात आले का लागन.”